घराशेजारी गाडीसाठी पत्र्याचं शेड मारायचंय, महापालिकेची परवानगी लागते का?

कोपऱ्यावरचा_प्लॉट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

कोल्हापुरात सानेगुरुजी वसाहतीच्या बाजूला आमचं जुनं घर आहे. वडिलांनी बांधलेलं, तळमजला आणि वर एक खोली. प्लॉट दोन गुंठ्यांचा. घराची डावी भिंत आणि कंपाउंड यांच्यामध्ये दहा फुटांची पट्टी आहे, तिथं गाडी उभी करतो. यंदाच्या वळवात गारांनी बॉनेटवर खळगे पाडले, म्हणून उद्यमनगरातल्या एका फॅब्रिकेटरकडून कोटेशन घेतलं. चार पाईप, वर रंगीत पत्रा, एक बाजू घराच्या भिंतीला आणि दुसरी थेट कंपाउंडवर टेकवायची.

परवानगीचं विचारलं तर तो हसला. म्हणाला, "पत्र्याला कसली परवानगी साहेब? स्लॅब टाकला तर भानगड."

हे खरं आहे का? शेजारच्या काकांनी परवा कंपाउंडवरून "काय बांधतोयस रे?" असं विचारलं, तेव्हापासून धाकधूक आहे. माणूस चांगला आहे, पण निवृत्त आहे आणि कागद वाचतो.

पेठेतला_पैलवान

भावा, एवढा विचार करत बसलास तर गाडी गंजून जाईल. आमच्या गल्लीत एक घर दाखव ज्याच्यापुढं पत्रा नाही. मार शेड, काय होत नाही.

रंकाळा_फेरी

पैलवान, पेठेतली घरं दाटीवाटीच्या गावठाणातली. तिथले नियम वेगळे, वसाहतीतल्या प्लॉटचे वेगळे. तुमच्या गल्लीचा दाखला ह्यांना कामाचा नाही.

स्केल_एकास_शंभर

मी नकाशे करून देण्याचंच काम करतो, त्यामुळं जरा सविस्तर लिहितो. चहा घेऊन बसा.

"पत्र्याला परवानगी लागत नाही" हे वाक्य कोल्हापुरात इतक्या वेळा ऐकलंय की आता राग येत नाही. नियमावलीतली इमारतीची व्याख्या बघा. कुठल्याही हेतूनं, कुठल्याही साहित्यानं केलेलं बांधकाम म्हणजे इमारत. पत्रा, लाकूड, बांबू, सगळं त्यात आलं. सूट आहे ती समारंभापुरत्या, परवानगीनं उभारलेल्या मांडव-शामियान्याला. एमआरटीपी म्हणजे १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्यात 'विकास' याचा अर्थही असाच ऐसपैस आहे, जमिनीत, जमिनीवर किंवा जमिनीखाली केलेलं बांधकाम. जमिनीत पाईप रोवून वर छप्पर टाकलं की तो विकास झाला आणि कलम ४४ खाली अर्ज आला.

आता मुख्य गोष्ट. डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि थोडे अपवाद सोडले तर राज्यभर एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. सगळे तिला यूडीसीपीआर म्हणतात. कोल्हापूर महापालिकेलाही तीच. तिच्यात इमारतीभोवती जे सामासिक अंतर, म्हणजे आपल्या भाषेत साईड मार्जिन सोडायचं असतं, ते आकाशाला उघडं ठेवायचं असतं. त्यात काय येऊ शकतं याची यादी दिलेली आहे. पाऊण मीटरपर्यंतचा छज्जा, मुख्य दारावरचा कँटिलिव्हर, म्हणजे खांबांशिवाय पुढं काढलेला पोर्च, पाण्याची टाकी, शोषखड्डा असल्या गोष्टी. घरापासून कंपाउंडपर्यंत आडवा टाकलेला पत्रा त्या यादीत नाही.

तेव्हा तुम्ही विचारताय "परवानगी लागते का". मी सांगतो, लागते, आणि तुम्ही म्हणताय तशा शेडला ती मिळणार नाही. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि लोक पहिल्यावरच भांडत बसतात.

कोपऱ्यावरचा_प्लॉट

धन्यवाद साहेब. पण मी वाचलं होतं की पार्किंग एफएसआयमध्ये, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येतं त्या हिशोबात, धरत नाहीत. मग अडचण कुठं आली?

स्केल_एकास_शंभर

बरोबर वाचलंत. झाकलेलं पार्किंग एफएसआयमधून वगळलेलं आहे. पण एफएसआय म्हणजे किती बांधायचं आणि मार्जिन म्हणजे कुठं बांधायचं. तुमच्या दोन गुंठ्यांत एफएसआय भरपूर शिल्लक असेल, बिगर दाटीच्या भागात मूळ १.१, म्हणजे प्लॉटच्या १.१ पट मिळतो आणि तुमच्या घराला वर एकच खोली आहे. तो शिल्लक असला म्हणून मार्जिनमध्ये छप्पर चालत नाही. माझ्याकडं येणाऱ्या दहातल्या आठ जणांचा गोंधळ इथंच असतो.

उघड्यावर गाडी उभी करा, कोणी काही म्हणत नाही. त्या जागेवर छप्पर आलं की हरकत.

पत्रा_पाईप_बेसप्लेट

मी फॅब्रिकेशनवाला. साहेबांना कोटेशन देणारा मी नव्हं, आधीच सांगतो 😄

आमचं गिऱ्हाईक परवानगीचं विचारत नाही, आम्ही सांगत नाही, ही गोष्ट खरी आहे. धंदा आहे. पण कंपाउंडवर पत्रा टेकवायला मी नाही म्हणतो, आणि कारण नियम नव्हं. वसाहतीतली जुनी कंपाउंडं चार-साडेचार इंचाची, आत सळई नाही. तिच्यावर शेडचा भार द्यायचा?

लोकांना वाटतं शेडवर वजन वरून येतं. चारी बाजूंनी मोकळ्या शेडला वारा खालून उचलतो. आपल्याकडचा वळीव बघितलाय न्हवं? अर्धा तास, पण पत्रे पार पलीकडच्या गल्लीत. खांब जमिनीवर नुसती बेसप्लेट ठोकून उभा करायचा नाही. खड्डा काढून काँक्रीटचा गठ्ठा पाहिजे, त्याचं वजनच शेड धरून ठेवतं. स्क्रूला रबरी वॉशर पाहिजे आणि स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर मारायचा, खोलगट भागात मारला तर पहिल्या पावसात गळती. वाऱ्याच्या भाराचा हिशोब आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात आहे, इंजिनिअरला विचारा. तो दोन पाईप वाढवायला लावेल, ते वाढवा.

आणि महावितरणची सर्व्हिस वायर कुठून जाते ते बघितल्याशिवाय शिडी लावू नका.

पेठेतला_पैलवान

लई शिकलेली माणसं भेटली आज. पत्रा_पाईप, तुमचं नाव द्या, आमच्याकडं पण काम आहे.

टाकाळ्याची_ताई

आमच्या नात्यातल्या एका घराचं सांगते, शहराचं नाव घेत नाही. अशीच शेड, अशाच पट्टीत. सात-आठ वर्षं कोणी विचारलं नाही. मग शेजाऱ्यांशी झाडाच्या फांदीवरून वाजलं आणि तक्रार गेली. नोटीस फांदीची नाही, शेडची आली. मोजणी झाली तेव्हा मागचं वाढवलेलं न्हाणीघर आणि जिन्याखालची खोलीही कागदावर आली.

त्यांना वाटत होतं की घरफाळ्यात शेडची नोंद आहे म्हणजे ती अधिकृत आहे. तसं नसतं. घरफाळा भरला म्हणजे बांधकाम कायदेशीर होत नाही. उलट महापालिका अधिनियमाच्या कलम २६७-अ खाली बेकायदा बांधकामावर घरफाळ्याच्या दुप्पट शास्ती लागू शकते, आणि ती भरली तरी बांधकाम बेकायदाच राहतं. वहिनी अजून म्हणतात की त्या फांदीपायी शेड गेली.

स्केल_एकास_शंभर

ताईंनी नेमकं बोट ठेवलं. महापालिका घरोघरी टेप घेऊन फिरत नाही. कारवाई तक्रारीवरून सुरू होते, आणि तक्रार शेडमुळं क्वचितच होते. भांडण दुसऱ्याच कशाचं असतं, शेड हाताशी सापडते.

नोटीस दोन रस्त्यांनी येते. महापालिका अधिनियमाचं कलम २६०, नाहीतर एमआरटीपीचं कलम ५३. ५३ च्या नोटिशीनंतर बांधकाम ठेवू द्या म्हणून अर्ज करता येतो, पण मार्जिन मोडलेलं असेल तर तो अर्ज टिकत नाही. कलम ५२ मध्ये तर एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि दोन ते पाच हजारांचा दंड लिहिलेला आहे. घाबरवत नाही, गाडीच्या शेडसाठी आत गेलेला माणूस मी पाहिलेला नाही. पण शेडचा खर्च, तोडायचा खर्च आणि वकील, याची बेरीज रीतसर बांधलेल्या गॅरेजच्या खर्चापुढं जाते.

उपनगर_रहिवासी

मग कंपाउंडिंग करून घ्यायचं की. दंड भरून नियमित होतं म्हणतात.

स्केल_एकास_शंभर

ती कलम ५२-अ ची योजना ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतच्या बांधकामांपुरती होती. आज मारलेल्या शेडला तिचा उपयोग नाही. गुंठेवारी, म्हणजे गुंठ्यागुंठ्यानं विकलेल्या जमिनीवरची बांधकामं नियमित करणं, विचाराल म्हणून तेही सांगतो. २००१ चा कायदा, २०२१ च्या दुरुस्तीनं मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आणली. तोही पुढच्या बांधकामाला नाही. "आधी बांधू, मग नियमित करू" हा हिशोब दर वेळी जुळतोच असं नाही.

पाचगावची_वाट

आम्ही हद्दीबाहेर. आम्हाला तर ग्रामपंचायतीचा दाखला पुरतो ना? मुश्रीफसाहेब ग्रामविकास मंत्री होते तेव्हा ३२०० चौरस फुटांपर्यंत परवानगी नको असं जाहीर झालं होतं.

स्केल_एकास_शंभर

ते २०२१ चं. त्याचा अर्थ लोकांनी "नियम नको" असा काढला. सवलत होती ती नगररचनाकाराकडं जाण्यातून. घर नियमात बसलं पाहिजे ही अट तशीच होती, मार्जिनसकट.

तुमच्या बाजूला आणखी एक गोष्ट बघा. २०१७ मध्ये शहराभोवतीच्या ४२ गावांसाठी कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण झालं. तुमचा गट नंबर त्यात येत असेल तर आधी प्राधिकरणात विचारा, नुसत्या ग्रामपंचायतीच्या शिक्क्यावर जाऊ नका.

पाचगावची_वाट

म्हणजे हद्दवाढ नको म्हणून भांडलो आणि नियम तेच.

पेठेतला_पैलवान

😂😂 हद्दवाढीवर वेगळा धागा काढा, नाहीतर इथंच दंगा होईल.

नागाळा_पार्क_तळमजला

पूररेषेचं कोणी बोललं नाही. २०१९ ला आमच्याकडं पाणी छातीला होतं, २०२१ ला पुन्हा आलं. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४३ फूट झालं की आमच्या गल्लीतल्या गाड्या उंचावर न्यायच्या, हे आता पोरांनासुद्धा पाठ आहे. आमच्या भागात शेडची परवानगी मागितली तर निळी-लाल रेषा मध्ये येते का?

स्केल_एकास_शंभर

येते. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदाची. नदी ते निळी रेषा निषिद्ध क्षेत्र, तिथं जमीन मोकळीच ठेवायची. निळी ते लाल नियंत्रित क्षेत्र, तिथं जोतं पूरपातळीच्या वर घेण्यासारख्या अटी घालून परवानगी देतात. धागाकर्त्यांनी आपला प्लॉट विकास आराखड्यावर बघून घ्यावा.

लिफ्ट_बंद_आहे

अपार्टमेंटचं काय? आमच्याकडं एकानं स्टिल्टमधल्या, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधल्या पार्किंगच्या, आपल्या जागेला जाळी आणि शटर लावलंय. म्हणतो, बिल्डरकडून पार्किंग विकत घेतलंय.

टाकाळ्याची_ताई

सर्वोच्च न्यायालयानं ३१ ऑगस्ट २०१० ला नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सोसायटी या खटल्यात निकाल दिलाय. स्टिल्ट पार्किंग सामायिक जागा, बिल्डरला ती स्वतंत्र विकता येत नाही. निकालाची प्रत काढून सोसायटीच्या सभेत ठेवा. शटरचं बाकी वेगळ्या धाग्यावर बोलू, ते प्रकरण मोठं आहे.

छतावर_सूर्य

पत्र्याऐवजी वर सोलर पॅनेल टाकले तर? सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजार अनुदान आहे. शेडची शेड, विजेची वीज. सोलर म्हटल्यावर कोण अडवणार?

पत्रा_पाईप_बेसप्लेट

दादा, पॅनेलसुद्धा चार खांबांवरच उभं राहणार न्हवं? आणि पॅनेलच्या फटीतून पाणी गळतं, खाली गाडी भिजते. ते गळू द्यायचं नसेल तर खाली पत्रा आलाच.

स्केल_एकास_शंभर

तेच. वर काय आहे यानं मार्जिन बदलत नाही. पॅनेल घराच्या गच्चीवर लावा.

निवृत्त_पण_जागा

मी कुणाचा तरी शेजारी आहे, म्हणून पलीकडची बाजू मांडतो. धागाकर्त्यांचे काका मी नाही.

आमच्या शेजाऱ्यांनी कंपाउंडपर्यंत पत्रा टाकला. उतार आमच्याकडं. जुलैत कोल्हापूरचा पाऊस कसा लागतो ते सांगायला नको. त्या पत्र्याच्या सगळ्या पागोळ्या आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीवर. भिंतीला ओल धरली. मी बोललो तर म्हणाले, "माझ्या जागेत शेड आहे." अहो शेड तुमच्या जागेत आहे, पाणी कुणाच्या जागेत आहे? शिवाय पत्र्यावर पाऊस पडतो तेव्हा आमच्याकडं टीव्ही ऐकू येत नाही.

मार्जिन नुसतं नकाशावरची रेघ म्हणून ठेवलेलं नाही. त्यातून आमच्या घरात उजेड येतो. घराच्या मागं आग लागली तर माणसं तिथूनच आत शिरणार. मी तक्रार केली आणि मला त्याची लाज वाटत नाही.

कोपऱ्यावरचा_प्लॉट

काका, तुमचा मुद्दा पटला. आमच्या प्लॉटचा उतारही शेजाऱ्यांकडंच आहे.

आता थोडी गंमत. तुमचे सगळ्यांचे प्रतिसाद वाचून वडिलांची ट्रंक काढली. मंजूर नकाशा सापडला, निळ्या कागदावरचा. त्यात घराच्या मागच्या उजव्या कोपऱ्यात चक्क "मोटार गॅरेज" दाखवलंय! वडिलांकडं तेव्हा सायकल होती. घर बांधून पैसे संपले असणार, गॅरेज झालंच नाही. आता ह्या नकाशावर बांधता येईल का?

स्केल_एकास_शंभर

वा! वडील दूरदृष्टीचे निघाले.

त्या परवानगीवर नाही. एमआरटीपीच्या कलम ४८ प्रमाणे प्रारंभ प्रमाणपत्र, म्हणजे बांधकाम सुरू करायची परवानगी, वर्षभर चालतं, वाढवून घेतलं तरी आणखी तीनच वर्षं. ते कधीच संपलं. पण स्वतंत्र बंगल्याला मागच्या कोपऱ्यात एकमजली गॅरेज देण्याची तरतूद आजच्या नियमावलीतही आहे, रस्त्यालगत मात्र नाही. तेव्हा नवा अर्ज करा. जुना मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र असेल तर ते, प्रॉपर्टी कार्ड, चालू घरफाळ्याची पावती. सोबत नोंदणीकृत आर्किटेक्ट किंवा इंजिनिअरची सही लागेल. गॅरेजमध्ये गाडीसाठी आतून किमान २.५ बाय ५ मीटर मोकळं मिळेल असं बघा, उंची आणि शेजारच्या हद्दीपासूनचं अंतर आर्किटेक्ट घालतील.

एक पथ्य. अर्जाआधी घर नकाशाप्रमाणे आहे का ते मोजून घ्या. वरची खोली त्या नकाशात आहे का?

कोपऱ्यावरचा_प्लॉट

आहे, वरची खोली आहे. हुश्श. डाव्या पट्टीतून गाडी मागं जाईल, वळवायला जरा कसरत होईल. आणि महापालिकेनं अर्जावर काहीच कळवलं नाही तर? साठ दिवसांनी आपोआप मंजूर धरतात म्हणे.

स्केल_एकास_शंभर

कलम ४५ मध्ये तसं आहे, पण प्रस्ताव नियमात बसत असेल तरच. "साठ दिवस झाले, मारा खड्डा" असं करू नका. त्रुटी कळवल्या असतील तर त्यांची पूर्तता करा आणि लेखी मंजुरी हातात घ्या.

तोपर्यंत गाडीला जाड, आतून कापसाचं अस्तर असलेलं कव्हर घाला. गारांना तेही बऱ्यापैकी पुरतं आणि त्याला कुणाची सही लागत नाही.

पत्रा_पाईप_बेसप्लेट

साहेब, मागच्या कोपऱ्यात काय आहे सध्या?

कोपऱ्यावरचा_प्लॉट

नारळ. आईनं लावलेला. गॅरेज नेमकं तिथंच येतंय आणि आई म्हणते, गाडी विका, नारळ राहू दे.

टाकाळ्याची_ताई

आई बरोबर आहेत. आणि शहरात झाड तोडायला १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली वेगळी परवानगी लागते, ती तुमच्या नकाशाच्या परवानगीत येत नाही. आर्किटेक्टना नारळ नकाशावर दाखवायला सांगा आणि गॅरेज त्याच्या अलीकडं सरकवता येतं का बघा.

स्केल_एकास_शंभर

बुंध्यापासून कंपाउंडपर्यंतची आणि बुंध्यापासून घराच्या मागच्या भिंतीपर्यंतची मापं टाका इथं. बघू बसतंय का.

पत्रा_पाईप_बेसप्लेट

बसेल हो. पण नारळाखाली पत्रा घालू नका, पहिलाच नारळ आरपार येईल. स्लॅब घाला. माझं काम गेलं, पण गाडी राहील.